मेहेंदळ्यांची काकवी

माझे भावोजी, त्र्यंबक मेहेंदळे, हे फार मोठे जाणकार आहेत असं त्यांचं स्वतःचं मत आहे. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं निदान माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

माझ्या मोठ्या बहिणीला, सुमतीला, ते बघायला आले तेव्हा मी दहावीत होते. डोंबिवलीत आमच्या दोन खोल्या होत्या. आईने शिरा केला होता, ऐपतीपेक्षा जास्त तूप घालून. भावोजींनी एक चमचा तोंडात घातला, बशी खाली ठेवली आणि बाबांना म्हणाले, "साखरेचा आहे."

बाबा गोंधळले. "हो, शिरा आहे तो," म्हणाले.

"आमचं गुऱ्हाळ होतं. खडवलीच्या पुढे, भातसेच्या काठी. आजोबांचं. ताज्या काकवीवर वाढलेल्या माणसाला साखर नाही हो गोड लागत."

काकवी आम्हाला माहीत होती. उसाचा रस आटवताना त्याचा गूळ व्हायच्या जरा आधी काहिलीतून काढून घेतलेला तो पाक. शेजारच्या कऱ्हाडकडच्या बाई थंडीत वाटीभर आणून द्यायच्या. पण तिच्यावर माणूस वाढतो हे आम्हाला नवीन होतं. बाबांना मात्र ते फार थोर वाटलं. शेती, नदी, गुऱ्हाळ! लग्न ठरलं.

भावोजी काकवीवर किती वाढले होते ते मला पुढे त्यांच्या आत्यांनी सांगितलं. आजोबा घरापुरता अर्ध्या गुंठ्यात ऊस लावायचे. काहील दुसऱ्याची मागून आणायची, चरक तिसऱ्याचा. वर्षाची दोन डबे काकवी व्हायची आणि तीसुद्धा भावोजी शाळेत जायला लागायच्या आत बंद झाली, कारण आजोबाच गेले. म्हणजे या माणसाची सगळी पुंजी काय, तर आत्याच्या मांडीवर बसून खाल्लेली तांदळाची गरम भाकरी आणि तिच्यावर ओतलेली काकवी. तेवढ्या भांडवलावर त्यांनी जन्मभर सगळ्या जगाला नावं ठेवली.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते खरेदी खात्यात होते. आलेला माल तपासायचा आणि नापसंत करायचा हे काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की संध्याकाळी घरी आल्यावरही थांबायचं त्यांना सुचत नसे. ताई डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवून यायची, स्वयंपाक करायची, आणि भावोजी आमटीचा भुरका मारून विचारायचे, "गूळ कुठला आणलास? पिवळा दिसतोय. केमिकल." लग्नाच्या पंगतीत जिलबी बोटाने दाबून बघायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात त्यांनी बासुंदीच्या वाटीत बघून मान हलवली होती, ती मान माझ्या सासूबाईंनी बघितली, आणि पुढे बरीच वर्षं मला ती ऐकावी लागली.

ताई काही बोलत नसे. हा तिचा गुण की दोष, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली. ताईने मला फोन करून सांगितलं, "नीला, मी माळ्यावरून कॅरमचा बोर्ड काढलाय." कॉलेजात असताना ताई उत्तम कॅरम खेळायची. ठाणे जिल्ह्यात तिचं नाव होतं. लग्नानंतर भावोजींनी त्याला "टिचक्या मारायचा धंदा" असं नाव दिलं आणि बोर्ड माळ्यावर गेला. आता डोंबिवली पूर्वेला एका मंडळात दुपारी बायका खेळायला जमतात, तिथे ती जाणार होती. पावडर आणली होती, नवीन स्ट्रायकर आणला होता.

त्याच आठवड्यात भावोजींनी जाहीर केलं की आजोबांचं गुऱ्हाळ पुन्हा उभं राहणार.

खडवलीच्या पुढची दोन एकर जमीन अजून त्यांच्या नावावर होती. तिच्यात तानाजी नावाचा माणूस भात लावायचा आणि पिकातला जो हिस्सा द्यावासा वाटेल तो द्यायचा. या तानाजीबद्दलही माझं मत चांगलं नाही. स्वतःची रस्त्यालगतची जमीन त्याने एका गोदामवाल्याला विकली आणि हत्तीएवढी पांढरी गाडी घेतली. त्या गाडीत बसून तो घरापासून शेतापर्यंत, म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, यायचा. गाडीचा एसी चालू ठेवून बांधावर उभा राहायचा. भावोजींनी ऊस लावायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "लावा की काका. भात खातावं तर ऊस पन खाऊ." नदीवर नवीन पंप बसणार आणि त्यातून त्याच्या वालालाही पाणी मिळणार, एवढं त्याने लगेच हेरलं होतं.

शेतावर पत्र्याची एक खोली बांधली. माघात उसाची कांडी लावली. आणि तिथून ताईचं वर्ष कॅलेंडरवरून उतरून शेतावर गेलं. वैशाखात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून भाताच्या रोपांची जागा जाळून घ्यायची. त्या धगीत ताई. आषाढात गुडघाभर चिखलात लावणीला बायका यायच्या, त्यांच्या चहा-भाकरीला ताई. श्रावणात उसातलं तण काढायला मजूर मिळत नाहीत, म्हणून ताई. कार्तिकात भात कापायचं, झोडायचं, लगेच ओल आहे तोवर वाल टाकायचे. थंडीत रानडुकरं ऊस मोडायला येतात म्हणून शेताला जुन्या साड्या बांधायच्या. त्या साड्याही ताईच्याच. आणि भावोजी? भावोजी बांधावर खुर्ची टाकून इस्त्रीच्या शर्टात बसायचे आणि म्हणायचे, "आजोबांच्या वेळी असं नव्हतं."

पहिल्या वर्षी त्यांनी कऱ्हाडकडून एक गुळव्या आणला. रस आटवून गूळ काढण्यात मुरलेला माणूस असं त्याचं वर्णन झालं होतं. तो मुरलेला होता हे खरं, पण कशात ते पहिल्याच दुपारी वासावरून कळलं. त्याला भावोजींनी आजोबांच्या गुऱ्हाळाची हकीकत ऐकवायला सुरुवात केली. त्याने अर्धी ऐकली आणि एसटीने निघून गेला. एवढी एकच गोष्ट त्याने शहाणपणाची केली.

मग काहिलीपाशी कोण उभं राहणार? ताई उभी राहिली.

मी ठाण्याला चरईत राहते. थंडीत रविवारी तिला मदत करायला जायची, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोटारीवरचा चरक ऊस पिळायचा, रस फडक्यातून गाळून काहिलीत यायचा. खाली चुलवणात वाळलेली चिपाडं कोंबायची. रस तापला की ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी त्यात सोडायचं, म्हणजे सगळी घाण मळी होऊन वर येते. ती झाऱ्याने काढत राहायची. रस उकळून वर चढायला लागला की तेलाचे चार थेंब शिंपडायचे, खाली बसतो. आणि तळाला लागू नये म्हणून लांब दांड्याच्या फावड्याने सारखं ढवळायचं. हे काही वेदाध्ययन नाही. चुका करत करत कुणालाही जमेल. ताईलाही पहिल्या दोन काहिली बिघडूनच जमलं. पण त्याला उभं राहावं लागतं, आणि भावोजींना बसायची सवय.

दोन वर्षं काकवी चांगली झाली. भावोजी बाटल्या भरून जुन्या ऑफिसातल्या लोकांना द्यायचे आणि "मी केलेली" म्हणायचे. ताई ते ऐकून पदराला हात पुसायची.

तिसऱ्या वर्षी उर्वी आली.

उर्वी ही ठाण्याला घोडबंदर रोडच्या कुठल्याशा टॉवरमध्ये राहणारी तिशीची मुलगी. लोकांना सुट्टीच्या दिवशी शेत दाखवायला न्यायचा तिचा उद्योग. भावोजींची बाटली तिच्या हातात कशी पोचली देव जाणे. ती येऊन बघून गेली, भावोजींना "काकवी काका" म्हणाली, आणि भावोजी त्या दिवसापासून दाढी वाढवायला लागले.

माघातल्या एका रविवारी ती तीसेक माणसं घेऊन आली. मला त्या माणसांबद्दल काय सांगावं! एका बाईंनी तानाजीला विचारलं की हा बांबू आहे का. एक गृहस्थ वालाच्या वेलांवर उभे राहून उसाबरोबर फोटो काढत होते. तानाजी बघत होता पण बोलत नव्हता, कारण त्याला फोटोत घेतलं होतं. एका जोडप्याने आपल्या कुत्र्याला आणलं होतं, त्याला स्वेटर घातला होता. सगळे चरकाचा रस प्यायले, कागदी पेले उसातच टाकले, आणि काहिलीभोवती जमले.

काहिलीपाशी ताई होती. सकाळपासून उभी होती. चेहरा लाल झालेला, पदर कमरेला खोचलेला, केसांना धुराचा वास. मी चिपाडं पुढे सारत होते. रस दाट होत आला होता, बुडबुडे मोठे व्हायला लागले होते.

भावोजी दगडी कट्ट्यावर चढले. उर्वीने मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

"काका, सगळ्यांना सांगा ना, हे सगळं कसं सुरू झालं?"

भावोजींनी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबांची काहील आता मागून आणलेली राहिली नव्हती, स्वतःची झाली होती. दोन डब्यांचे शेकडो डबे झाले होते. कल्याणच्या बाजारात मेहेंदळ्यांच्या काकवीसाठी म्हणे लोक थांबून राहायचे. मी ताईकडे बघितलं. ती ढवळत होती.

"आणि आता तुमच्याबरोबर टीम किती आहे काका?" उर्वीने विचारलं.

"टीम?" भावोजी हसले. "लावणीपासून बाटलीपर्यंत, एकट्याने करतो. या वयात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि या काकू?" कुणीतरी मागून विचारलं.

भावोजींनी वळून ताईकडे बघितलं. खरोखर, ती तिथे आहे हे त्यांना तेव्हा आठवलं असावं. "या माझ्या मिसेस. हौसेने येतात अधूनमधून."

ताईने फावडं काहिलीच्या काठाला टेकवून ठेवलं. झारा बादलीत बुडवला. रांजणातल्या पाण्याने हात धुतले, अगदी कोपरापर्यंत. पदर सोडला, झटकला, खांद्यावर घेतला. मग ती कट्ट्यापाशी गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, मग करा एकट्याने."

भावोजींना ते थट्टेसारखं वाटलं. लोकांनाही. दोघं-तिघं हसले.

ताई खोलीत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "नीला, चल."

"ताई, तू हो पुढे," मी म्हटलं. "मी आलेच."

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. तिला कळलं मी का थांबतेय. ती रस्त्याकडे गेली. तिथे रिक्षा मिळते स्टेशनची. मी थांबले, कारण इतकी वर्षं मी ज्या गोष्टीची वाट बघत होते ती आता माझ्या समोर होणार होती. ती सोडून मी कुठेही गेले नसते. आजही जाणार नाही.

भावोजी बोलतच होते. मातीचा पोत, नदीचं पाणी, पूर्वजांचं ज्ञान. काहील ढवळायला कुणी नव्हतं. आधी कडेने रस चढायला लागला. मग मधला फेस फुगला आणि वर आला. "सुमती!" भावोजींनी हाक मारली. मग खोलीच्या दिशेने, "सुमती!" मग रस्त्याच्या दिशेने. मग माझ्याकडे बघून, "अगं, बघतेस काय!"

"तुमचं बघतेय भावोजी," मी म्हटलं.

ते कट्ट्यावरून उतरले. तेलाची वाटी समोर होती, ती त्यांना माहीत नव्हती. त्यांनी रांजणातलं तांब्याभर पाणी उचलून काहिलीत फेकलं. फसकन वाफ उठली, लोक ओरडत मागे पळाले, स्वेटरवालं कुत्रं सुटलं आणि उसात शिरलं. फेस बसला. पण तोवर तळ धरला होता. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

"काका, जाल वढा, जाल!" तानाजी बांधावरून ओरडला. "करपतोय त्यो!" चुलवणातला जाळ ओढून काढा, असं तो सांगत होता. सांगत होता, उठला नव्हता.

भावोजींनी फावडं घेतलं आणि ढवळायला लागले. ते चुकीच्या वेळी ढवळत होते, त्यामुळे तळाचं काळं सगळं वर येऊन मिसळलं. इस्त्रीच्या शर्टावर शिंतोडे उडाले. शेवटी दोन मजुरांनी बांबू घालून काहील उतरवली. आत जे होतं ते डांबरासारखं दिसत होतं.

आता हा माणूस काय म्हणणार? मी वाट बघत उभी होते. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. त्यांना कळलं होतं. चव न घेताच कळलं होतं. जन्मभर माल नापसंत केलेला माणूस तो. डोळ्यांत पाणी होतं. धुराने असेल.

उर्वीने बोटाने काठावरचं जरासं घेतलं, फुंकून चाटलं, आणि डोळे मिटले. "ओ माय गॉड. स्मोकी!"

"स्मोकी," मागच्या बाई म्हणाल्या. "एकदम ऑथेंटिक."

मी भावोजींकडे बघत होते. त्या क्षणी ते "बिघडली" म्हणाले असते तर मी त्यांना भाकरी करून वाढली असती. पण त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हीच जुनी चव. चुलीची. आता कुठे मिळते!"

सगळ्या बाटल्या गेल्या. ज्यांना मिळाली नाही ते हळहळले.

त्या दिवसानंतर ताई शेतावर राहायला गेली नाही. भांडण झालं नाही. भावोजींचा संध्याकाळी फोन आला, "तू अशी निघून का गेलीस?" ताई म्हणाली, "तुम्ही एकट्याने करता ना, म्हणून." ते म्हणाले, "ते बोलण्याच्या ओघात." ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. भावोजींना वाटलं ती येईल. ती त्यांच्या माफीची वाट बघतेय असं मला वाटलं. आमचं दोघांचंही चुकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई मंडळात जाऊन कॅरम खेळत बसली होती.

भावोजी शेतावरच राहिले. आपण किती निर्धाराचे हे दाखवण्यासाठी राहिले, आणि मग राहिलेच. पुढच्या थंडीत उर्वी "धुराची काकवी" असं नाव लावून लोकांना घेऊन आली. या खेपेला ती मुद्दाम करपवायची होती. माझ्या बहिणीच्या चांगल्या काकवीला कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि या काळ्या चिकट्याला नाव मिळालं! मी भावोजींना माफ करीन एखादवेळेस, त्या लोकांना नाही.

पण मुद्दाम करपवणंही साधं नसतं. त्या थंडीत काहील उतरवताना हिसका बसला आणि उकळता पाक भावोजींच्या पायावर सांडला. पाक पाण्यासारखा वाहून जात नाही, चिकटून राहतो. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडं गेलं. तानाजीने त्याच्या त्या पांढऱ्या गाडीतून त्यांना कल्याणच्या एका दवाखान्यात नेलं. गाडीचा तो एवढा एक उपयोग झालेला मला माहीत आहे. तिथून ताईने त्यांना घरी आणलं.

ताईने त्यांचं सगळं केलं. मलमपट्टी, आंघोळ, औषधं. बोलणंही व्यवस्थित होतं, जसं पूर्वी असायचं: चहा हवा का, पंखा लावू का. माझा मात्र संताप व्हायचा. लोक भेटायला आले की भावोजी पाय पुढे करून म्हणायचे, "या कामात हे व्हायचंच. आमच्या आजोबांचा हात असाच भाजला होता." आत्या हयात असत्या तर त्यांनी सांगितलं असतं, आजोबांचा हात स्टोव्हवर भाजला होता.

एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसले होते. ताई स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. दार उघडंच होतं. भावोजी हळूच म्हणाले, "नीला, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"तिला विचार ना. जाळ कधी ओढायचा ते तिला कसं कळायचं?"

मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. "तिला म्हणजे कुणाला? मी इथेच आहे."

ताईचे हात थांबले होते, ताटातल्या डाळीचा आवाज येत नव्हता. ती वाट बघत होती. पाच पावलांवर बसलेल्या बायकोला एक प्रश्न विचारायचा होता. तेवढं या माणसाला जमलं नाही. त्यांनी चादर ओढून घेतली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने डाळीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पाय बरा झाला तशी ताईने त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली. ते खडवलीला गेले.

या वर्षी माघात ठाण्याला ताईची कॅरमची स्पर्धा होती. त्याच सुमारास भावोजींचा फोन आला, ऊस तोडायला आलाय, माणसं मिळत नाहीत. ताई म्हणाली, "मला रविवारी खेळायचंय," आणि मला म्हणाली, "तुला जायचं असेल तर जा." मी गेले. मदतीला गेले असं मी सांगणार नाही. बघायलाच गेले.

शेतावर कुणी पाहुणे नव्हते. उर्वीची माणसं आता कुठे डोंगरात मधाच्या पेट्या बघायला जातात म्हणे. तानाजीचीही गाडी दिसली नाही. भावोजी एकटेच उसाच्या ढिगापाशी बसून पाचट काढत होते, उसाची वाळलेली पानं. त्या पानांना कडेने धार असते. त्यांचे हात मनगटापर्यंत ओरबाडले होते. शर्ट इस्त्रीचाच होता. अशा कामाला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं?

"बघायला आलीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो."

"बघ मग."

मी बांधावर बसले. मदत केली नाही. त्यांनी मागितलीही नाही. त्यांनी ऊस सोलले, चरकात घातले, रस ओतला, चिपाडं कोंबली. सगळं बावळटासारखं करत होते. भेंडीचं पाणी उशिरा टाकलं. मळी काढताना अर्धा रस झाऱ्याबरोबर बाहेर टाकला. पण ढवळायचे थांबले नाहीत. पाय अजून ओढत चालतात, तरी उभे राहिले. करपेल या भीतीने त्यांनी जाळ फार लवकर ओढला. ते माझ्याही लक्षात आलं, पण मी कशाला बोलू?

तयार झालं ते पिवळसर, पातळ होतं. सरबताचा भाऊ. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि या वेळी काहीच म्हणाले नाहीत. जुनी चव वगैरे काही नाही. एक बाटली भरली, झाकण लावलं, फडक्याने पुसली.

"सुमतीला दे."

"काय सांगू?"

"काही सांगू नकोस. दे फक्त."

संध्याकाळी मी डोंबिवलीला गेले. ताई हरली होती, उपांत्य फेरीत, आणि तिला कल्याणच्या एका मुलीने हरवलं म्हणून ती चिडलेली होती. इतकी चिडलेली मी तिला पूर्वी कधी पाहिली नव्हती. मी बाटली टेबलावर ठेवली आणि दिवसभराची हकीकत सांगितली. सोलण्याची, ओरबाडलेल्या हातांची, चुकांची तर एकेक करून सगळ्यांची.

तिने चमच्यात घेऊन चाखलं.

"कच्ची आहे," म्हणाली. "आठ दिवसांत आंबेल."

"टाकून दे ना मग! त्या माणसाला काही येत नाही ताई, आणि कधी येणारही नाही."

तिने कढई काढली, गॅस पेटवला आणि बाटली आत उपडी केली. कडेला उभी राहून ढवळत राहिली. मी बोलत होते, ती ऐकत नव्हती. बुडबुडे मोठे झाले, रंग गडद झाला तसा तिने चमचा वर धरून धार बघितली आणि गॅस बंद केला.

"फोन करून सांगू का त्यांना," मी विचारलं, "की कमी आटवलीय म्हणून?"

"नको," ताई म्हणाली. "विचारलं की सांगीन. अजून एक वर्ष करू दे. तू भाकरीचं पीठ मळ, तांदळाचं वरच्या डब्यात आहे."